वाघेरीच्या धारेवर, मिरगाच्या आधी

शनिवार

मे संपत आला असताना डोंगर चढायला निघालेल्या बाईकडे डिचोलीत कसं बघतात, ते शेजारणीच्या तोंडावर दिसलं. ती अंगणात भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं उलथत होती. माझ्या पाठीवरची सॅक बघून म्हणाली, "ह्या वेळार?" आणि परत सोलांकडे वळली. बरोबरच आहे तिचं. या दिवसांत शहाणा माणूस पंख्याखाली आडवा होतो किंवा पावसाळ्याचं पुरुमेंत, म्हणजे साठवणीचं सामान, भरायच्या मागे असतो.

पण वाघेरीवर, सत्तरीतल्या या डोंगरावर, मी याआधी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा चतुर्थी झाल्यावर, आणि दोन्ही वेळा माथ्यावर धुक्याशिवाय काही दिसलं नव्हतं. पावसाळी भटकंतीचे फोटो सुंदर येतात हे कबूल, पण हिरव्या रंगाखाली डोंगराचा सांगाडा झाकून जातो. मला माथ्याची ती धार उघडी बघायची होती. कुठली घळ कुठे उतरते, कुठलं पाणी कोणाकडे जातं, हे गवत वाळल्यावरच कळतं. मिरग लागला की खेळ संपला. हातात होता हा एकच रविवार.

बरोबर भाचा होता, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळा झालेला. साखळीला कदंबची बस बदलताना आम्ही स्टँडवर भाजीपाव खाल्ला. मध्ये वेळ होता म्हणून वाळवंटीच्या काठी विठ्ठलाच्या देवळापर्यंत चालत जाऊन आलो. पाऊस लागला की हीच नदी साखळीकरांची झोप उडवते. आज तिच्यात दगड मोजता येत होते.

पायथ्याच्या केरीला पोचलो तेव्हा चार वाजले होते. बहिणीचं सासर तिथलं. तिच्या सासूबाईंना, म्हणजे माईंना, आम्ही का आलो हे दोनदा सांगावं लागलं. कारण कळल्यावर त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि मुसरादचे आंबे पुढे केले. संध्याकाळी आबा आले. हे शेजारचे, वय साठीच्या पुढे, अंगाने काटकुळे. या डोंगरात गुरं राखण्यात त्यांचं बालपण गेलं. आमच्याबरोबर येणार ते.

वनखात्याचं काम भाच्याने आठवडाभर आधी उरकलं होतं. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झालं, 208 चौरस किलोमीटरचं, आणि सत्तरीच्या या डोंगरांत मनात आलं म्हणून शिरण्याचे दिवस गेले. मार्च 2023 मध्ये इथलं रान पेटलं तेव्हा विझवायला हेलिकॉप्टरं आणावी लागली होती. ती बादल्या घेऊन घिरट्या घालायची, आणि डिचोलीत आमच्या गच्चीवर सकाळी राख सापडायची. तेव्हापासून कोणी उन्हाळ्यात रानात जातो म्हटलं की लोक आधी खिशाकडे बघतात. आबांनी विड्यांचं बंडल आपणहून माईंच्या फळीवर ठेवलं. "परत आयल्यार ओडटां," म्हणाले.

मग पाणी. माझ्या हिशेबाने तिघांना दहा लिटर. आबांनी बाटल्यांची रांग बघितली आणि हसले. ते स्वतः एक लिटर नेणार होते. धारेवर पाणी नाही, हे मात्र त्यांनी तीनदा बजावलं. खालची झर कुळागरात, म्हणजे पायथ्याच्या बागेत, पुढची थेट परत आल्यावर.

रविवार

पाचला पेज आणि खारातली तोरां, म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या. अशा चालीला यापेक्षा चांगला नाश्ता मला माहीत नाही: पोटात पाणी जातं, मीठ जातं, आणि जड काही राहत नाही. भाच्याला त्याबरोबर अंडीही हवी होती. माईंनी दिली. साडेनऊला त्याला त्याचा पश्चात्ताप झाला.

कुळागरातून निघालो तेव्हा अंधारच होता. सुपारीच्या झाडांमध्ये काजवे अजून लुकलुकत होते. पाटाचं पाणी पायांना लागलं आणि त्या गारव्याने झोप पुरती उतरली. हे पाणी वरून, वाघेरीच्या पोटातून येतं. मे अखेरीलासुद्धा त्याची बोटभर धार टिकून होती. नारळ, सुपारी, केळी, मिरवेल, सगळी बाग या बोटभर धारेवर उभी.

कुळागर संपलं की लगेच चढ. आबा पुढे, कमरेच्या आकडीत कोयता, पायांत रबरी चपला. मी शास्त्रशुद्ध बूट घातले होते आणि दर वीस पावलांवर थांबत होते. "सवकास चल गो बाय," ते मागे न बघता म्हणायचे, आणि स्वतः मात्र सवकास चालायचे नाहीत. उजाडता उजाडता कुठल्यातरी ओहोळाच्या खोबणीतून शीळ ऐकू आली. माणसाने घातलेली, पण सूर विसरल्यासारखी. शीळ कस्तूर. पावसाच्या चाहुलीने हा पक्षी गायला लागतो. आबांच्या लेखी तो पंचांगापेक्षा खरा.

वाट माट्टी आणि किंजळीच्या रानातून जाते. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष. तिची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, एकदा बघितली की विसरत नाही. एका झाडाच्या बुंध्याशी गव्याचं शेण पडलं होतं, कालचं किंवा परवाचं. गवा हा राज्यप्राणी. भाचा म्हणाला, "दोन्ही सरकारी एकाच जागी." आबांना विनोद कळला नाही. ते शेण काठीने उकरून बघत होते आणि आम्हाला गप्प उभं राहायला सांगत होते. मग त्यांनी वाट सोडली आणि डावीकडून लांबचा फेरा घातला. सकाळी गवा कुठे पाणी शोधत असेल याचा त्यांचा काही आडाखा असणार. विचारलं नाही.

चढाचं फार लिहीत नाही. दमले, घामाने डोळे झोंबले, दोनदा वाटलं की शेजारीण बरोबर होती. पण वाटेवरची चुन्नां सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही रानफळं पांढरी, पिठूळ, दाताखाली बीच जास्त. डिचोलीच्या बाजारात पानाच्या पुड्यांतून विकायला येतात तेव्हा ती अर्धी शिळी असतात. इथे झुडपावरून थेट तोंडात, काटे चुकवत. करवंदांचा बहर सरत आला होता, उरलेली काळीभोर होती. भाच्याची जीभ जांभळी झाली आणि बूट चढत नाहीत ही माझी तक्रार थांबली.

आठच्या सुमाराला झाडी बुटकी झाली, मग कारवी लागली. कारवीच्या वाळक्या काठ्यांतून जाताना सगळीकडून खडखड आवाज येतो, जणू कोणी बांबूचा पडदा सारतंय. ही सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. फुलते तेव्हा अख्खा उतार निळा-जांभळा, मग बी टाकून मरते. आबांच्या लहानपणी घराच्या भिंती याच काठ्यांच्या, वरून शेणमातीचा लेप. "सिमेंटापरस थंड," ते म्हणाले.

आणि मग एकदम वारा.

धारेवर आलो होतो. वाघेरीची उंची याद्यांमधून 1067 मीटर लिहिलेली असते. सह्याद्रीच्या हिशेबात ती काही मोठी नाही, गोव्यातच सोसोगड तिच्याहून उंच आहे. पण केरी जवळजवळ समुद्राच्या पातळीवर असल्याने हा चढ पायथ्यापासून पुरता भरावा लागतो. वर माथा सपाट नाही. लांबट, कण्यासारखा, कुठे बैलगाडी जाईल एवढा रुंद तर कुठे दोन माणसं शेजारी उभी राहणार नाहीत इतका अरुंद. पायाखालचा दगड काळा. आम्हा डिचोलीकरांना जमीन म्हणजे लाल, जांभ्याची. पण गोव्याच्या या ईशान्य कोपऱ्यात दख्खनच्या काळ्या कातळाची कड येऊन टेकते, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. तो कातळ महाराष्ट्रभर पसरला आहे. इथे त्याचं शेवटचं टोक, पदराच्या काठासारखं.

एका अंगाला खाली अंजुणे धरण. पावसाळ्यानंतर बघितलं होतं तेव्हा निळं, भरलेलं, फोटोतल्यासारखं. आता पाणी मध्यभागी गोळा झालं होतं आणि भोवती तांबड्या मातीचा रुंद पट्टा, वाटीत कढी आटल्यावर राहतो तसा. डिचोली-सत्तरीच्या नळांना उन्हाळ्यात याचाच आधार. म्हणजे परवा संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात जे पाणी आलं त्यातलं थोडं इथून निघालं असणार.

आबा बराच वेळ त्या तांबड्या पट्ट्याकडे बघत होते. त्यांचं आजोळ खाली आहे, पाण्यात. धरण झालं तेव्हा गाव उठलं, माणसं मोर्ले कॉलनीत गेली. ते बोट दाखवून सांगायला लागले, तिथे मामाचं घर, तिथे आंब्याचं झाड, तिथून शाळेची वाट. मला माती आणि पाणी यांशिवाय काही दिसत नव्हतं. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव दर मे महिन्यात साळावली धरणाच्या पाण्यातून वर येतं. मोगूबाई कुर्डीकरांचं जन्मगाव ते. वर्तमानपत्रांत फोटो येतात, जुने रहिवासी सणासारखे जमतात. तसं इथलं काही वर येतं का, मी विचारलं. आबा म्हणाले, "आमका दिसता." पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या अंगाला डोंगर तितकाच तुटलेला, आणि खाली विर्डी. ते महाराष्ट्र. दोडामार्ग तालुका. इथे उभं राहिलं की सीमा म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं, आणि तिचा पोकळपणाही. माझा डावा पाय एका पाणलोटात होता, उजवा दुसऱ्या. म्हादईच्या, म्हणजे मांडवीच्याच, पाण्यासाठी गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र भांडले. 2010 मध्ये लवाद नेमला गेला, 2018 च्या ऑगस्टमध्ये त्याने निवाडा दिला: कर्नाटकाला 13.42 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, महाराष्ट्राला 1.33. महाराष्ट्राच्या वाट्यात या विर्डीचंही पाणी येतं. आकडे मी वर्षानुवर्षं वाचत आले, मोर्चालाही गेले आहे एकदा. पण दशांश चिन्हापुढचे ते दोन आकडे नेमक्या कुठल्या घळीतून वाहतात हे मला आज पहिल्यांदा दिसत होतं. त्या घळीत या क्षणी एक थेंब नव्हता. पांढरे गोटे आणि त्यावर पालापाचोळा.

हे सगळं मी भाच्याला समजावून सांगत होते, थोड्या शिक्षकी आवाजात, आणि त्याच नादात स्टीलची बाटली कातळावर आडवी ठेवली. ती हळूच फिरली. मग घरंगळली. मग ठण ठण ठण करत विर्डीच्या बाजूने खाली गेली, आणि तो आवाज इतका वेळ येत राहिला की आम्ही तिघेही मान वाकवून ऐकतच राहिलो.

"मावशी," भाचा म्हणाला, "महाराष्ट्राच्या वाट्याचं एक लिटर गेलं."

आबा शांतपणे म्हणाले, "वचूं दी. साखळे मेळटलें."

मला हसू आलं, मग लक्षात आलं की ते विनोद करत नव्हते. इकडचं पाणी अंजुण्यात, तिकडचं विर्डीच्या ओहोळांत, पण दोन्ही शेवटी वाळवंटीलाच येऊन मिळतात आणि साखळीवरून पुढे मांडवीला जातात. धारेवर फारकत, खाली एकच नदी. गुरं राखलेल्या माणसाला त्यासाठी लवाद लागला नव्हता. बाटलीचं मात्र वाईट वाटलं. रानात कचरा टाकणाऱ्यांवर मी तोंडसुख घेते, आणि आता माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली बाटली विर्डीच्या घळीत कुठेतरी पडून आहे.

पुढचे दोन तास धारेने पूर्वेकडे. हा दिवसातला सगळ्यांत चांगला भाग. चढ-उतार थोडे, वारा सतत, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना आकाश. मागे मोर्लेगड, समोर चोर्ल्याचं पठार. घाटातल्या रस्त्यावरचे ट्रक मुंग्यांएवढे, पण त्यांचे हॉर्न स्पष्ट. दूर दक्षिणेला वाळपईचा परिसर धुरकट दिसत होता. तिथेच नाणूसचा किल्ला, जिथून 1852 मध्ये दीपाजी राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध उठाव केला आणि साडेतीन वर्षं त्यांना झुंजवलं. पुस्तकात वाचताना साडेतीन वर्षं खूप वाटतात. इथून या घड्यांवर घड्या पडलेल्या डोंगरांकडे बघितल्यावर वाटलं, पोर्तुगिजांना साडेतीन वर्षांत तरी कसं जमलं?

एका ठिकाणी खालच्या झाडीतून माडगरूड, म्हणजे धनेश, उडाला. आपण धारेवर असल्यामुळे तो आपल्या खालून जातो, पंखांची पाठ दिसते. आधी तो आवाज येतो, कोणीतरी चादर झटकत चाललंय असा, आणि मग पक्षी.

साडेबाराला जेवलो. पोळे, फणसाची भाजी, आणि बाटलीतली सोलकढी, जी गरम झाली होती आणि तरीही संपली. पाण्याचा हिशेब केला: दहातले साडेतीन उरले, एक विर्डीला. आबांची बाटली निम्मी भरलेली होती. भाच्याला अजून पुढच्या टेकाडापर्यंत जायचं होतं. मीही हो म्हणणार होते.

आबा उठून उभे राहिले. चोर्ल्याच्या वर एक ढग होता. सकाळी तो नव्हता. पांढरा, फुलकोबीसारखा, तळ सपाट आणि करडा. "आतां परतूया," ते म्हणाले. भाचा कुरकुरला, ऊन एवढं लख्ख आहे. पण याच दिवसांत हे असं होतं: समुद्रावरचा दमट वारा दुपारी घाटाला येऊन थडकतो, तापलेल्या कड्यांवरून सरळ वर चढतो आणि तासाभरात त्याचा ढग होतो. सकाळचं निळं आकाश दुपारची हमी देत नाही. आणि धारेवर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो.

निघालो. दोनच्या आत ऊन गेलं. वारा थांबला, त्यामुळे जास्त भीती वाटली. पहिली वीज चमकली तेव्हा भाच्याने मोजायला सुरुवात केली. नऊ सेकंदांनी गडगडाट. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर येतो, म्हणजे तीन किलोमीटर. पुढच्या विजेला सहा. त्यापुढे आम्ही मोजलं नाही, पळालो. आबांनी धार सोडून अंजुण्याच्या बाजूने एका खोलगट जागी उतरवलं. तिथे सगळी झुडपं सारख्या उंचीची होती. त्यांनी आम्हाला एकमेकांपासून दहा-पंधरा पावलं दूर, सॅकवर उकिडवं बसायला लावलं आणि स्वतः कोयता लांब टाकून आले. एकटं उभं असलेलं एक मोठं झाड जवळच होतं, आणि जीव तिकडेच धावत होता. आबांनी तिकडे बोट करून नुसती मान हलवली.

पाऊस आला तो थेंबांनी नाही, ओंजळींनी. वीस-पंचवीस मिनिटं. कातळावर पडताना वाफ निघत होती. एक वीज इतकी जवळ पडली की उजेड आणि आवाज वेगळे राहिले नाहीत आणि तोंडात धातूची चव आली. भाच्याकडे बघितलं तर त्याने डोळे मिटून कानांवर हात घेतले होते, आणि मला तो सहा वर्षांचा दिसला. बहिणीला काय सांगणार, एवढाच विचार डोक्यात होता. शाळेत मुलांना वादळात काय करावं ते मी दरवर्षी शिकवते. उकिडवं बसून वीस मिनिटं काढली नव्हती कधी. गुडघे पेटतात.

थांबला तसा एकदम थांबला. मातीचा तो वास आला, ज्याबद्दल सगळे लिहितात म्हणून मी लिहीत नाही. त्याहून चांगलं दृश्य पुढे होतं: वारुळांतून पंखवाल्या वाळवीचे थवेच्या थवे बाहेर पडले, उन्हाच्या तिरप्या झोतात चकाकत, आणि कुठून कुठून कोतवाल पक्षी येऊन हवेतल्या हवेत ते मटकावायला लागले. आम्ही ओलेचिंब उभे राहून ती पंगत बघत होतो.

उतार वाईट होता. कोरडा काळा कातळ पायाला घट्ट धरतो, तोच ओला झाला की साबण. मी तीनदा बसले, एकदा बऱ्यापैकी जोरात. आबांच्या रबरी चपला घसरल्या नाहीत.

साडेपाचला कुळागरात आलो. मला वाटलं होतं एवढा पाऊस झाला तर पाट फुगला असेल. तो सकाळी होता तसाच, बोटभर. आबा म्हणाले, आजचं पाणी डोंगर पितो, खाली यायला आणखी पाऊस लागतो. आम्ही पाटाला तोंड लावून प्यायलो. माझ्या सॅकमध्ये तेव्हा दीड लिटर विकतचं पाणी शिल्लक होतं.

रात्री माईंनी गुडघ्यांना खोबरेल चोळून दिलं आणि काहीच विचारलं नाही. आबांनी फळीवरून बंडल घेतलं.

सोमवार

जिना उलटं तोंड करून उतरले. आबा निरोपाला आले होते. सप्टेंबरात येतो म्हटल्यावर म्हणाले, "येयात. मीठ हाडात, जळवो आसतल्यो."

बस साखळीत थांबली तेव्हा भाचा खिडकीतून वाकून वाळवंटीत बघत होता. बाटली शोधत होता गाढव. मीही बघितलं.

डिचोलीत उतरले तर आभाळ भरून आलेलं. शेजारीण धावत सोलं गोळा करत होती. मला बघताच तिने एक सूप माझ्या हातात कोंबलं, "धर, धर, भितर व्हर," आणि मी सॅकसकट, लंगडत, सोलं आत नेऊ लागले.